जर्मनीत बसून वर्ध्यात दिसायचं

माझ्या धाकट्या भावाने मला जर्मनीला बोलावलं, पण ते पाहुणी म्हणून नव्हतं. भावजय गरोदर होती, बाळ पावसाळा सरता सरता येणार होतं, आणि आईच्या गुडघ्यांनी विमानाला साफ नकार दिला होता. घरात उरलेलं एकच धडधाकट आणि ‘मोकळं’ माणूस म्हणजे मी. माझं लग्न मोडलं तेव्हापासून हा मोकळं शब्द मला चिकटला आहे. दिवसाचे नऊ तास नोकरी करणारी बाई मोकळी कशी, हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलं.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरातून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. आरोग्य विम्याचे दावे तपासायचे. दवाखान्याचं बिल, डॉक्टरांचे कागद, तपासण्यांचे रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं आणि मंजूर की नामंजूर ते लिहायचं. कोणाच्या बापाचं ऑपरेशन असतं, कोणाच्या बायकोचं बाळंतपण. माझा डोळा चुकला तर तिकडे कोणीतरी दवाखान्याच्या खिडकीपाशी ताटकळत उभं राहतं. घरच्यांना मात्र एवढंच दिसतं की मी दार लोटून खोलीत बसलेली असते. कोणी आलं की आई सांगते, “आत आहे, कॉम्प्युटरवर.” आत आहे, पडली आहे, असं सांगावं त्याच सुरात.

भावाचा फोन नेहमीसारखा रविवारी आला. आठ वर्षांत त्याची जर्मन सुधारली असेल नसेल, पण हुकूम सोडायची ढब छान सुधारली आहे.

“ताई, तुह्यं काम तर कुठूनबी होते ना?”

मी म्हटलं, “इंटरनेट पाहिजे, आणि डोकं शांत पाहिजे.”

“दोन्ही हायेत इकडं. तुह्यं ऑफिस साडेनऊले सुरू होते, म्हणजे इकडं सकाळचे सहा. दुपारी तीनले तू मोकळी. मंग सारा दिवस बाळाचा.”

“आणि सहा ते तीन बाळ काय करन?”

“झोपलेलं राह्यते ना. नवीन लेकरं झोपतातच. म्या वाचलं आहे.”

त्याने वाचलं होतं म्हणजे विषय संपला. मग त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, “ती रडून राह्यली ताई. तिची माय तर गेली. म्हणते, दुसरं कोणी नको, ताईच पाह्यजे मले.”

इथे मी विरघळले. भावजय अमरावतीची, लग्नाआधी औषधांच्या दुकानात काम केलेली, कमी बोलणारी पोरगी. तिची आई गेली तेव्हा ती तिकडे होती आणि तिला वेळेत येता आलं नव्हतं. ती परक्या देशात माझी वाट पाहत रडते आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? “पाहते,” म्हणाले. आमच्या घरात बाईने ‘पाहते’ म्हटलं की ते ‘हो’ धरतात.

दुसऱ्या दिवशी बाबा भाजी घेऊन मंडीत गेले. शेत आमचं गावाबाहेर थोडकंच, पण वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर्षभर निघतो, आणि बाबांची मंडीतली बैठक भाजीपेक्षा गप्पांसाठी जास्त आहे. त्यांनी तिथे जाहीर करून टाकलं की पोरीची कंपनी तिला जर्मनीला पाठवून राह्यली. लेक भावाचं पोर सांभाळायला चालली हे सांगायला त्यांना बहुतेक कसंतरी वाटलं असावं. आठवडाभराने मी स्टेशनकडे जायला ऑटोत बसले, तर ऑटोवाल्यानेच विचारलं, “मॅडम, जर्मनीत पोस्टिंग झाली म्हणते तुमची?” मी हो म्हणाले. आपल्या बापाला खोटं पाडण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग हिंगणघाटहून आत्या आली. आत्याचा जन्म सल्ला देण्यासाठी झाला आहे. तिने माझ्या खोलीत येऊन स्क्रीनकडे पाहिलं, की-बोर्डवर चाललेली माझी बोटं पाहिली आणि निकाल दिला.

“याले काय लागते? एका हातानं लेकराले थोपटायचं, दुसऱ्या हातानं बटनं दाबायचे.”

“आत्या, हे कोणाच्या तरी हार्टच्या ऑपरेशनचे कागद आहेत.”

“मंग? त्याचं ऑपरेशन तर होऊन गेलं ना?”

आईला तर हे वाक्य इतकं आवडलं की पुढचे कित्येक दिवस ती ते प्रत्येकाला ऐकवत होती.

मी मात्र रीतसर तयारीला लागले. साहेबांना फोन केला. आमचे साहेब दर महिन्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये छातीवर हात ठेवून सांगतात की आमच्याकडे माणूस कुठे बसतो याला महत्त्व नाही. त्यांनी अगदी तोंडभरून हो म्हटलं. “अहो, जगाच्या पाठीवर कुठूनही करा, फक्त एक मेल टाकून ठेवा.” मी मेल टाकला. त्यावर चार दिवसांनी नियम पाहणाऱ्या एका मुलीचा फोन आला. ती चांगली होती बिचारी. म्हणाली, रुग्णांचे कागद देशाबाहेर उघडता येत नाहीत, लॅपटॉप बाहेर नेता येत नाही, आणि तुम्ही ज्या व्हिसावर जाणार तो पाहुण्यांचा, त्याच्यावर तिकडे बसून काम करणं चालत नाही. मी म्हटलं, साहेब तर हो म्हणाले. ती म्हणाली, “मॅडम, ते सगळ्यांनाच हो म्हणतात. नाही म्हणायला मला ठेवलंय.”

साहेबांना पुन्हा फोन लावला, तर ते प्रवासात होते. पुढचा महिनाभर ते प्रवासातच होते, तेही पुण्यातल्या घरात बसून. मीटिंगमध्ये त्यांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ दिसायचं.

मला वाटलं विषय मिटला. मी भावाला सांगितलं की परवानगी नाही मिळाली. तिकडून आधी एक लांब सुस्कारा आला.

“तू विचारलंच काऊन?”

“मग काय न विचारता जाऊ?”

“सारे तसेच करतात ताई! माह्या ऑफिसात एक जण थायलंडात बसून काम करून राह्यला, कोणाले पत्ता नाई. एक इंटरनेटची डबी लावाची वर्ध्याच्या घरी. तुह्यं इंटरनेट इकडून त्या डबीतून जाईन. कंपनीले वाटन, तू बोरगावातच आहे.”

“म्हणजे जर्मनीत बसून वर्ध्यात दिसायचं?”

“हाव! बराबर समजलीस.”

त्याला इतका आनंद झाला की जणू मी होकारच दिला. आठ दिवसांत डबी आली. काळी, साबणाच्या वडीएवढी, तिला दोन शिंगं. आमच्या केबलवाल्याने ती इन्व्हर्टरच्या शेजारी खिळ्याला टांगली. भावाने व्हिडिओवर आईला समजावून सांगितलं की हिचा दिवा कधी विझू द्यायचा नाही, दिवा विझला की ताईची नोकरी गेली. आईने त्याच संध्याकाळी डबीला हळदकुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की ती लावतेच, गॅसच्या शेगडीलाही लावलं होतं. पण या डबीसमोर ती हातही जोडायला लागली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. जी पोरगी घरात नऊ तास राबते तिच्या खोलीत आई न विचारता कपडे वाळत घालायला शिरते, आणि पोरीच्या खोटेपणाची डबी तिला देवासारखी.

मी त्यांना थांबवलं का नाही? रोज मनात भावजय रडत होती म्हणून. त्या कंपनीची नोकरी सोडून जावं, असाही विचार करून पाहिला. पण चाळिशीत सोडलेली नोकरी वर्ध्यात बसून परत मिळत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. भावाला मी हे बोलले तर तो म्हणाला, “नोकरी सोडायची काय गरज? मी काही तुले नोकरी सोड म्हटलं का?” खरंच नव्हतं म्हटलं. त्याला माझी नोकरीही हवी होती, म्हणजे माझा भार त्याच्यावर पडणार नव्हता.

त्यानंतर आईच्या डोक्यातून सरावाची कल्पना निघाली. शेजारच्या काकूंची मुलगी माहेरी आली होती, तिचं सात महिन्यांचं लेकरू होतं. आईने ते सकाळच्या वेळेपुरतं मागून आणलं, जसं विरजण मागून आणावं. “दोन-चार दिवस ठेवून पाह्य जवळ. सवय होऊन जाईन.”

पहिला दिवस बरा गेला. लेकरू गुणी होतं, गोधडीवर पालथं पडून एका स्टीलच्या चमच्याशी बोलत होतं. मी मात्र एकच डिस्चार्ज कार्ड चारदा वाचलं आणि चारदा विसरले. दुसऱ्या दिवशी मीटिंग चालू होती. एका अडकलेल्या दाव्यावर वाद होता आणि मी बोलत होते. बोलता बोलता गोधडीकडे पाहिलं तर लेकरू शांत होतं, फार शांत. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आवाज नाही. माझ्या पेनाचं टोपण गेलं होतं घशात.

कॅमेरा सुरूच होता. मी खुर्ची ढकलून त्याला उचललं, हातावर पालथं घेतलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. एकीला काही झालं नाही, दुसरीला नाही. मग टोपण फरशीवर पडलं आणि ते पोर असं किंचाळलं की मला आयुष्यात कोणतं रडणं इतकं गोड वाटलं नाही. लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, “मॅडम, सगळं ठीक ना? मग त्या दाव्याचं काय ठरलं?” आणि मी लेकराला खांद्यावर घेऊन त्या दाव्याचं काय ठरलं ते सांगितलं. दुपारी पुन्हा कागद उघडले तर मी चुकीचं सांगितलेलं होतं. ते दुरुस्त केलं. मग शेजारी गेले आणि लेकराच्या आईला जे झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिने ऐकलं, लेकराला छातीशी धरलं आणि आत निघून गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आईचं म्हणणं, “पडलं ना बाहेर? मंग झालं तर. लेकरं घालतातच तोंडात.”

भावाचं म्हणणं तर त्याहून हुशारीचं होतं. “ताई, नवीन बाळ टोपण कसं उचलन? त्याले तर हातच वळवता येत नाई.” हा माणूस कॉलेजात वादविवाद स्पर्धेत बक्षिसं मिळवायचा. तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. त्याचं हे फळ.

त्या आठवड्यात वर्ध्याचं ऊन असं होतं की दुपारी लाइट जायची आणि इन्व्हर्टरही दम टाकायचा. एका दुपारी डबीचा दिवा विझला आणि आई धावत माझ्या खोलीत आली, “अवं, तू वर्ध्यात नाई राह्यलीस!” मी तिच्यासमोर वर्ध्यातच घामाने निथळत बसले होते.

त्यानंतर दोनच दिवसांनी भावजयीचा फोन आला. ती मला एकटी कधी फोन करत नसे, नेहमी भावाच्या खांद्याआडून हसायची. आवाज दबका होता. म्हणाली, हे जिमला गेलेत.

“ताई, तुम्ही खरंच येऊन राह्यल्या का?”

“अगं, तूच तर म्हणालीस. रडतेस म्हणे माझ्यासाठी.”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

“मी नाई म्हटलं असं कधी,” ती म्हणाली. “मी रडली ते खरं आहे. मी रडली कारण यायनं सुट्टी नाई घेत म्हटलं. इथं बापाले सुट्टी भेटते ताई, चांगली महिने-महिने. कायद्यानं भेटते. यायच्या हापिसातले सारे घेतात. हे म्हणतात, माह्या बढतीचं वर्ष आहे, ताई आहे ना मोकळी.”

मी खुर्चीत मागे टेकून बसले. ती पुढे बोलतच होती, इतकं मी तिला एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही याव्या असं मले वाटते. पण पाहुण्या म्हणून याव्या, सुट्टी काढून, मी बरी झाल्यावर. माह्या बाळासाठी तुम्ही चोरावानी नोकरी करावी, असं नाई वाटत. मले माय नाई म्हणून तुमची मोलकरीण करायची का?”

मला राग आला त्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की त्या रागात एक फार स्वच्छ गारवा होता. किती तरी आठवड्यांनी मला नीट श्वास घेता आला. मी तिला विचारलं, मी हे बोलले तर तुझं नाव येईल, चालेल का? ती म्हणाली, “घ्या माह्यं नाव. लपवून काय भेटलं आजवर?”

रविवारी फोन लागला तेव्हा आत्या आमच्याकडेच होती. आई, बाबा, आत्या, सगळे मोबाईलसमोर दाटीवाटीने बसलेले. भाऊ तिकिटाच्या तारखांबद्दल बोलायला लागला. मी त्याला थांबवलं.

“मी येत नाही. तू सुट्टी घे.”

“कोणती सुट्टी?”

“बापाची. तुमच्याकडे मिळते ना कायद्याने.”

तो हसला. “तुले कोणी सांगितलं? इंटरनेटवर काहीबी लिहून राह्यते, ताई.”

तेव्हा त्याच्या शेजारून भावजय पुढे सरकली. पोटावर हात, केस विस्कटलेले. म्हणाली, “म्या सांगितलं.”

भावाचं तोंड उघडंच राहिलं. मग चित्र थिजलं आणि फोन कटला. संध्याकाळी त्याचा निरोप आला की नेटवर्क गेलं होतं. जर्मनीचं नेटवर्क. आमच्याकडे त्या वेळी लाइटसुद्धा होती.

घरात मग जे व्हायचं ते झालं. आत्या म्हणाली, “सख्ख्या भावाले नाई म्हटलं तुनं. उद्या तुले कोण पाहीन?” आई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट समोर आपटून ठेवायची, पण पोळी मात्र गरम असायची. बाबांची काळजी वेगळीच होती. ते दोन दिवस घुटमळले आणि शेवटी म्हणाले, “मंडीत काय सांगू आता?”

“सांगा, वरून ऑर्डर आली, पोस्टिंग रद्द झाली.”

त्यांचा चेहरा खुलला. वरून आलेल्या ऑर्डरीबद्दल मंडीत सगळ्यांना सहानुभूती असते. ती डबी मी खिळ्यावरून काढली आणि केबलवाल्याला देऊन टाकली.

मुलगी झाली. भावाने सुट्टी घेतली, आधी थोडी, मग वाढवली. बढतीचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही दिवसांत त्याचे फोटो यायला लागले. छातीशी झोळीत बाळ बांधलेलं, एका हातात बाटली, मागे सोनेरी झाडं. त्याखाली लिहिलेलं की बाप होणं हा त्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि काम नंतरही करता येतं. शेकडो लोकांनी वा वा केली. आई शेजारपाजारच्या बायकांना बोलावून फोटो दाखवायची. आणि आत्या, हो तीच आत्या, म्हणाली, “बाप असावा तर असा! आपल्यात पाह्यला का कोणी असा? सोन्यासारखी नोकरी बाजूले ठेवली लेकरासाठी.”

त्या फोटोंत भावजय कुठे नव्हती. ती फोटो काढत असणार, किंवा झोपली असणार. झोपली असेल तर बरंच.

पुढच्या वर्षी मी गेले. कंपनीतून रीतसर सुट्टी काढली, पाहुण्यांचा व्हिसा पाहुणीसारखा वापरला. भावजय दारात उभी होती, थोडी जाड झालेली, चेहऱ्यावर तेज आलेलं. तिने मला मिठी मारली ती सोडेचना. दोन आठवडे आम्ही दोघी नदीकाठी फिरलो, बाकावर बसून शेंगदाण्याच्या पुड्या संपवल्या, तिच्या आईबद्दल बोललो. ती आता परत कामाला जायची तयारी करत होती.

भाऊ माझ्याशी नीट वागला. लाडाने वागला असंही म्हणेन. मागच्या वर्षीचा विषय त्याने काढला नाही, आणि मला वाटतं तो त्याच्या डोक्यातून खरोखरच पुसला गेला होता. असली माणसं मुद्दाम विसरत नाहीत, त्यांना ते आपोआप जमतं. पोरीचं सगळं मात्र तो करत होता, हे मी नाकारणार नाही. तिला न्हाऊ घालायचा, भरवायचा, ती पडली की आधी त्याच्याकडे धावायची.

एका सकाळी मी तिला केळं भरवत होते. तो शेजारी येऊन उभा राहिला, थोडा वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, असं नाई. आधी तिच्या डोळ्यांच्या बराबरीत ये. मंग तिले विचार, पाह्यजे का म्हणून. लेकरांचा मान ठेवा लागते.”

भावजयीने खिडकीकडे तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. मी गुडघ्यांवर बसले, भाचीच्या डोळ्यांच्या बरोबरीत आले आणि विचारलं, “पाह्यजे का?” तिने केळ्याचा तुकडा माझ्या हातातून ओढला आणि थेट बापाच्या पायजम्याला पुसला.